अकरा सेकंद

सात वर्षं मी तिला पिवळ्याच साडीत शूट केलं.
रावेरकडची केळीची बाग, मालकाला हजार रुपये आणि चहा,
मागं काळ्या गॉगलातली चार पोरं,
हप्त्यावर घेतलेला ड्रोन डोक्यावर भुंग्यासारखा,
आणि मधोमध ती. पोस्टरवर ‘बिजली’,
आधार कार्डावर बेबी हिलाल सोनवणे.
कंबर हलली की लाख, डोळा मारला की दोन लाख,
पाढाच पाठ होता आमचा.
अमळनेर ते नंदुरबार एक हळद अशी नसेल
जी तिच्या गाण्यावाचून लागली.

मग एका एप्रिलात, सेहेचाळीस डिग्रीत,
ती स्टुडिओत येऊन कूलरसमोर बसली.
बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली,
‘भटू भाऊ, आते पिवया रंग नको माले.’
म्हटलं, मग कोणता? डाळिंबी? मोरपंखी?
‘रातना रंग.’
मला वाटलं, ऊन लागलं हिला.

पांझरेचं कोरडं पात्र, मुडावदच्या अलीकडे.
अठरा बाया,
वरातीत डोक्यावर दिवे घेऊन चालतात त्या,
दीडशे रुपये आणि उरलीसुरली बुंदी.
नवरदेव नाही. घोडं नाही. नाचणारं कुणी नाही.
बेबीच्या अंगात बापाचा बँडचा कोट,
लाल मखमल, एका खांद्याची जर उसवलेली,
बाह्यांनी तिचे दोन्ही पंजे गिळलेले.
पावडरसुद्धा लावली नाही.
गाणं तिचंच वाजत होतं, आणि तिनं ओठ हलवले नाहीत,
जणू गाणारी दुसरीच कुणी
आणि ही नुसती ऐकायला आलेली.

एवढंच म्हणाली: दिव्यांची तोंडं खाली वळवा.

वळवली.
उजेड बायांच्या तोंडावर पडला
आणि कॅमेऱ्यात मला अठरा माणसं दिसली.
तिसऱ्या नंबरची तिची आई.
वीस वर्षं माझ्या प्रत्येक वरातीत होती म्हणे.
त्या रात्री घरी जाऊन मी जुन्या कॅसेटी काढल्या, हार्डडिस्का काढल्या,
पहाटेपर्यंत मागे-पुढे केलं.
सापडलं ते इतकंच:
धरणगावच्या एका लग्नात, कलगीच्या मागे,
हिरव्या बांगड्यांचं एक कोपर.
बाकी सगळं मी कापलेलं. सफाईदार.
त्या सफाईचेच तर पैसे घ्यायचो.

दिवे सगळे एका वायरीवर.
एक बाई अडखळली की सतरा जणी थांबतात,
मागे हातगाडीवर जनरेटर, आणि तो ढकलत
लाल कोटातली बेबी, वाळूत चाकं रुतत रुतत.
दुसऱ्या कडव्यात डिझेल संपलं.
ठरलेलं नव्हतं ते.
गाणंही गेलं. मी कॅमेरा बंद केला नाही,
का, ते मला सांगता येणार नाही.
काळ्या पडद्यावर अकरा सेकंद:
कुणी खोकलं, बांगड्या वाजल्या,
वाळूवर काहीतरी जड ठेवल्याचा आवाज,
आणि तिच्या आईचा: ‘डोकं कितलं हलकं लागस वं.’

ते अकरा सेकंद बेबीनं कापू दिले नाहीत.

धुळ्याच्या शेठनं पैसे काढून घेतले.
टपरीवर एकानं मोबाईल डोळ्यांजवळ नेऊन विचारलं,
‘हाई कोन शे?’
दुसरा म्हणाला, पिवळीच बरी होती.
बरीच होती. मी कुठं नाही म्हणतो.
त्या पिवळ्यावर माझं पत्र्याचं घर स्लॅबचं झालं.

परवा बेटावदला लग्न होतं.
डीजेवाल्या पोरानं चुकून तेच गाणं लावलं.
पोरं नाचली, घामाघूम झाली, आणि मग ती जागा आली.
अकरा सेकंद.
हात वर तसेच राहिलेले, कुणी डीजेकडे शिवी फेकली,
घोडं शेपटी हलवत उभं.
कडेला दिवेवाल्या बाया. त्यातल्या एकीनं
मान जराशी तिरकी केली, ओझ्याखालून जितकी होते तितकी,
आणि डोळे मिटले.
मी कॅमेरा तिकडे वळवला, फोकस धरला.

‘ओ शूटिंगवाले,’ नवरदेवाचा मामा ओरडला,
‘नवरदेव इकडे शे!’